पुन्हा बॅटिंग येते!

पहाटेचे साडेचार. सबमिशनची नाईट-आऊट. असेंब्ली ड्रॉइंगची शीट अर्धी झालेली, उरलेली अर्धी कोणाची ‘जीटी’ मारायची यावर विंगमध्ये चर्चा चालू. टपरी उघडायला अजून तासभर. अशा वेळी लॅपटॉपवर काहीतरी चाळता चाळता एक लाईव्ह मॅच लागली. बेसबॉल! अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. म्हणजे आख्खा देश झोपलेला असताना सुरू होणारा हा खेळ भारतात खास हॉस्टेलाईट लोकांसाठीच असावा!

माझा रूम पार्टनर कोल्हापूरचा. त्याने एक नजर टाकली आणि निकाल दिला, “भावा, हे क्रिकेट न येणाऱ्यांचं क्रिकेट आहे.” शेजारच्या रूममधला नागपूरकर म्हणाला, “अबे, सगळे फुलटॉस टाकून राहिले अन् तरी ह्यांना मारता येत नाही!” मीही हसलो. खोटं कशाला बोला?

पण मग सवय लागली. एक अख्खं सेमिस्टर पहाटे उठून (म्हणजे न झोपता) मॅचेस पाहिल्या, नियम समजून घेतले. आणि आज मी उलट्या मताचा झालोय. माझं म्हणणं असं, की बेसबॉल हा चुका धरूनच आखलेला खेळ आहे. माणूस चुकणार, वारंवार चुकणार, हे या खेळाने सुरुवातीलाच मान्य केलंय आणि सगळे नियम त्यावर बेतलेत. आपल्या इंजिनिअरिंगच्या व्यवस्थेने हे अजून मान्य केलेलं नाही. कसं ते सांगतो, पण त्यासाठी आधी खेळ समजून घ्यावा लागेल. तर मंडळी, पाच मिनिटं लेक्चर सहन करा. अटेंडन्स नाही!

मैदान आणि मारामारी

क्रिकेटचं मैदान गोल आणि बॅट्समन मध्यभागी. बेसबॉलमध्ये बॅटर कोपऱ्यात उभा असतो. त्या कोपऱ्याला म्हणायचं होम प्लेट. तिथून काटकोनात दोन रेषा निघतात. मारलेला बॉल या दोन रेषांच्या आतच पडायला हवा, बाहेर गेला तर फाऊल. म्हणजे लेट कट, ग्लान्स, स्कूप सगळं रद्द! रेषांच्या आत ९० फूट बाजूचा एक चौरस असतो. त्याच्या एका कोपऱ्यावर होम प्लेट आणि बाकीच्या तिन्हींवर फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस. बॅटरच्या बाजूने पाहिलं तर हा चौरस पत्त्यातल्या चौकटसारखा दिसतो, म्हणून त्याला डायमंड म्हणतात. चारही कोपरे क्रमाने गाठून परत घरी आलं की एक रन. आपल्याकडे शाळांच्या स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

पिचर म्हणजे बॉल टाकणारा. तो ६० फूट ६ इंचांवरून टाकतो. आपली क्रिकेटची पिच ६६ फुटांची. बॉलचा टप्पा पडत नाही, पण ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारा बॉल बॅटरपर्यंत पोचायला जेमतेम ०.४ सेकंद लागतात. त्यात तो वळतो, अचानक खाली जातो, कधी मुद्दाम हळू येतो. आणि हातात आपल्यासारखी सपाट बॅट नाही, गोल दांडकं! गोल दांडक्याने गोल चेंडू मारायचा. नागपूरकरांनी याची नोंद घ्यावी.

होम प्लेट १७ इंच रुंद. तेवढ्या रुंदीत, बॅटरच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंत हवेत एक अदृश्य खिडकी आहे असं समजा. हा स्ट्राईक झोन. बॉल खिडकीतून गेला आणि बॅटरने मारला नाही, तर स्ट्राईक. बॅट फिरवली आणि बॉल हुकला, तर स्ट्राईक. फाऊल मारला तरी स्ट्राईक, पण दोन स्ट्राईक झाल्यावर फाऊल सहसा मोजत नाहीत. तीन स्ट्राईक झाले की बॅटर आऊट. उलट, खिडकीबाहेरचा बॉल बॅटरने सोडून दिला तर त्याला ‘बॉल’ म्हणतात. असे चार झाले की बॅटर फुकटात फर्स्ट बेसवर. म्हणजे वाईट बॉल सोडण्याची अक्कलसुद्धा इथे धावांच्या कामी येते.

आऊट कसं व्हायचं?

क्रिकेटमध्ये बॉल अडवला की पळायचं की नाही हे आपण ठरवतो. इथे बॉल रेषांच्या आत पडला की पळणं सक्तीचं. हवेतच झेलला तर आऊट. झेलला नाही, पण बॅटर पोचण्याआधी फर्स्ट बेसवर पाय ठेवून उभ्या असलेल्या फिल्डरकडे बॉल पोचला, तरी आऊट.

आता समजा फर्स्ट बेसवर आधीच एक रनर उभा आहे. मागून बॅटर येतोय, म्हणजे याला जागा खाली करावीच लागणार. अशा सक्तीच्या धावेत बॉल घेऊन नुसता पुढचा बेस टेकवला की रनर आऊट. सक्ती नसेल तेव्हा मात्र बॉल हातात घेऊन रनरला प्रत्यक्ष शिवावं लागतं, अगदी खो-खोसारखं. एकाच फटक्यावर पुढचा रनर आणि मागचा बॅटर दोघेही गेले तर डबल प्ले. पाहायला काय मजा येते महाराजा! बॉल सेकंडवर, तिथून फर्स्टवर, आणि दोघांचा खेळ खलास.

बॉल थेट कुंपणापार गेला तर होम रन. बॅटर आणि बेसवर उभे असलेले सगळे घरी येतात. तिन्ही बेस भरलेले असले तर एका फटक्यात चार रन, त्याहून जास्त शक्यच नाही. इथे रन महाग आहेत. ३-२, ५-४ असे निकाल लागतात.

तीन आऊट झाले की दुसऱ्या टीमची बॅटिंग. दोघांची एकेकदा झाली की एक इनिंग. अशा नऊ इनिंग्ज, म्हणजे प्रत्येक टीमला एकूण २७ आऊट. बरोबरी झाली तर पुढे खेळत राहायचं. २०२५च्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच १८ इनिंग्ज चालली! २०२३पासून पिचरने किती सेकंदांत बॉल टाकायचा याला घड्याळ लागलंय, पण मॅचला नाही. शेवटचा आऊट होईपर्यंत हरलो असं म्हणता येत नाही.

आता माझा मुद्दा

क्रिकेटमध्ये ओपनर पहिल्या बॉलवर बोल्ड झाला की त्या डावापुरता संपला. पॅव्हेलियनमध्ये बसून टाळ्या वाजवायच्या. बेसबॉलमध्ये नऊ जणांची बॅटिंग ऑर्डर गोल फिरत असते. पहिल्या इनिंगमध्ये चौथ्या नंबरवाल्यापाशी थांबलो, तर दुसऱ्या इनिंगला पाचवा येतो. नवव्यानंतर पुन्हा पहिला. तीन स्ट्राईकवर मान खाली घालून परतलेला माणूस तासाभराने पुन्हा त्याच पिचरसमोर उभा असतो. एका मॅचमध्ये साधारण चार-पाच वेळा. पुन्हा बॅटिंग येते!

आणि यश किती मिळतं? दहा वेळा बॅटिंग करून ज्याला तीनदा हिट मिळते, म्हणजे ज्याचं ॲव्हरेज ०.३०० आहे, तो उत्तम बॅटर. (फुकटात मिळालेला बेस या हिशेबात धरत नाहीत.) अलीकडच्या वर्षांत तर सगळ्या बॅटर्सचं मिळून ॲव्हरेज ०.२५०च्याही खाली आहे. तीस टक्के मिळवणारा तिथे स्टार होतो, आपल्याकडे त्याला केटी लागते!

टेड विल्यम्सची गोष्ट ऐका. १९४१चा सीझन, शेवटचा दिवस, वय २३. त्याचं ॲव्हरेज होतं ०.३९९५५, म्हणजे पूर्णांकात धरलं तर ०.४००. मॅनेजर म्हणाला, हवं तर आज बाहेर बस, आकडा शाबूत राहील. (आपल्यापैकी किती जणांनी बसायला नकार दिला असता? छातीवर हात ठेवून सांगा.) त्या दिवशी लागोपाठ दोन मॅचेस होत्या. विल्यम्स दोन्ही खेळला, आठ प्रयत्नांत सहा हिट्स मारल्या आणि ०.४०६वर सीझन संपवला. त्यानंतर आजतागायत नॅशनल किंवा अमेरिकन लीगच्या पूर्ण सीझनमध्ये ०.४००पर्यंत कोणी पोचलेलं नाही. पण त्या सोनेरी सीझनचा हिशेब पहा. ४५६ प्रयत्न, १८५ हिट्स. म्हणजे २७१ वेळा तो हिटशिवाय राहिला. ते २७१ही वहीत आहेत. कोणी लपवले नाहीत आणि त्यावरून कोणी त्याला बाहेरही काढलं नाही.

फळ्यावरचा एरर

बेसबॉलच्या स्कोअरबोर्डवर तीन रकाने असतात. रन, हिट आणि एरर. हो, चुकांचा वेगळा रकाना! सोपा बॉल हातातून सुटला तर तो एरर म्हणून हजारो लोकांसमोर फळ्यावर चढतो. चूक झालेली सगळ्यांना दिसते, आणि पुढचा बॉल टाकला जातो.

पण याची सगळ्यात भारी गोष्ट खेळाडूची नाही, अंपायरची आहे. २ जून २०१०, डेट्रॉइट. पिचर आर्मांडो गॅलारागा, समोर क्लीव्हलँडची टीम. २७पैकी २७ बॅटर्सना एकालाही बेसवर पोचू न देता आऊट केलं, तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. मेजर लीगच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात असं जेमतेम दोन डझन वेळा घडलंय. गॅलारागाने २६ जण आऊट केले होते. सत्ताविसाव्याने बॉल जमिनीलगत मारला, फिल्डरने तो फर्स्ट बेसकडे फेकला, गॅलारागाने स्वतः धावत येऊन झेलला आणि बेस टेकवला. आऊट! पण अंपायर जिम जॉइस यांनी सेफ दिला. त्या वेळी अशा निर्णयावर रिप्ले मागायची सोय नव्हती, ती २०१४ला आली.

गॅलारागा फक्त कसनुसं हसला आणि जाऊन पुढच्या बॅटरला आऊट केलं. मॅच संपल्यावर जॉइस यांनी रिप्ले पाहिला. आपण चुकलो हे त्यांनी पत्रकारांसमोर उघड मान्य केलं, गॅलारागाला भेटून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तेच अंपायर होम प्लेटमागे उभे होते. टीमची यादी अंपायरला द्यायला मुद्दाम गॅलारागालाच पाठवलं. जॉइस यांच्या डोळ्यांत पाणी होतं. निकाल बदलला नाही, परफेक्ट गेम नोंदला गेला नाही. पण एक माणूस आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करून चोवीस तासांच्या आत सगळ्यांसमोर कामावर हजर होता, आणि ज्याचं नुकसान झालं तोच समोर आला होता. रिझल्टच्या दिवशी दार लावून बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे पाहून कसं वाटलं असेल?

१६२ पेपरांची परीक्षा

आता लीगची रचना. मेजर लीगमध्ये ३० टीम्स आहेत, २९ अमेरिकेतल्या आणि एक कॅनडातल्या टोरांटोची. दोन लीग्ज, नॅशनल (स्थापना १८७६) आणि अमेरिकन (१९०१पासून मेजर). प्रत्येकीत १५ टीम्स, त्यांचे पूर्व, मध्य, पश्चिम असे पाच-पाचचे गट. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक टीम १६२ मॅचेस खेळते. जवळजवळ रोज! मग प्रत्येक लीगमधून सहा, म्हणजे एकूण १२ टीम्स पुढे जातात, आणि ऑक्टोबरमध्ये दोन्ही लीग्जचे विजेते सातपैकी चार मॅचेस जिंकण्यासाठी भिडतात. ती वर्ल्ड सिरीज. १९०३ला पहिली झाली. (‘वर्ल्ड’ या शब्दावर हसायची पूर्ण मुभा आहे. मीही हसतो.)

१६२ कशाला? कारण एका दिवसावरून काही कळत नाही, हे त्यांना कळलंय. २०२४मध्ये शिकागो व्हाईट सॉक्स टीम १२१ मॅचेस हरली, आधुनिक काळातला विक्रम. तरीही तिने ४१ जिंकल्या. २००१मध्ये सिॲटल मरिनर्सने ११६ जिंकल्या, तरीही ४६ हरल्या (आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत!). म्हणजे सगळ्यात वाईटालाही चार दिवसांतून एकदा जिंकता येतं आणि सगळ्यात चांगलाही साधारण चार दिवसांतून एकदा हरतो. एकाच दिवशी पाहिलंत तर कोण कोण आहे ते ओळखता येणार नाही. आपण मात्र तीन तासांच्या पेपरवरून माणूस ओळखतो.

त्यांच्याकडेही ‘कॅम्पस’ आहे. त्याला ड्राफ्ट म्हणतात. दरवर्षी टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९८८च्या ड्राफ्टमध्ये ६२व्या फेरीत, १३९०व्या नंबरावर माईक पियाझा नावाचा मुलगा घेतला गेला, तोही वडिलांच्या ओळखीमुळे. वशिला! मग मायनर लीगमध्ये म्हणजे खालच्या पायऱ्यांवर खेळत तो वर चढला आणि २०१६ला हॉल ऑफ फेममध्ये पोचला. १३८९ जण त्याच्याआधी निवडले गेले होते. खालून वर यायची वाट उघडी होती, म्हणून हे घडलं.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. काळ्या खेळाडूंना मेजर लीगचं दार कित्येक दशकं बंद होतं. १५ एप्रिल १९४७ला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा ते उघडलं. मायनर लीगची पोरं वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशांत राबली, त्यांचा पहिला सामुदायिक करार २०२३ला झाला. म्हणजे पुन्हा बॅटिंग मिळते, पण आधी दारातून आत तर घ्यायला हवं ना?

आणि आपण?

माझ्या रूम पार्टनरला सेकंड इयरला एम-थ्रीत केटी लागली. पुढच्या सेमला सुटली. त्यानंतरच्या तिन्ही सेमिस्टर्सना डिस्टिंक्शन. यंदा कॅम्पसला एक कंपनी आली, त्याला हवं होतं तेच काम. नोटीस बोर्डावर अट : ‘लाईव्ह किंवा डेड, एकही केटी नको.’ डेड केटी! जी सुटली, मेली, जिचं तेराव्वंही झालं, तीसुद्धा चालत नाही. टेस्टसुद्धा देऊ दिली नाही. तो नोटीस वाचून परत आला, काही न बोलता कानात हेडफोन घालून झोपला. रात्री मेस बंद झाल्यावर मी त्याच्यासाठी टपरीवरून वडापाव आणला.

हे मी एका सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “अरे, उद्या तुझा पूल पडला तर पुन्हा बॅटिंग देणार का कोणी?” मुद्दा बिनतोड वाटतो. पण सर, बेसबॉल चूक माफ करत नाही. तिसरा स्ट्राईक म्हणजे आऊटच, कितीही गयावया करा. एरर वहीत कायमचा राहतो. फक्त तो लिहिल्यावर पुढच्या वेळी उभं राहायला देतात. पूल पडू नये असं वाटत असेल तर चूक लगेच सांगणारे इंजिनिअर लागतील, आणि चूक सांगितली की कायमचं बाहेर काढणार असाल तर सगळे लपवायलाच शिकतील. आम्ही शिकलोय.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आमची केटी बायोडेटावर ठळक छापा, एररच्या रकान्यासारखी. इंटरव्ह्यूमध्ये त्यावरून सोलून काढा. पण सुटलेल्या केटीसाठी टेस्टचं दार बंद करू नका, एवढं प्लेसमेंट सेलने कंपन्यांना एकदा विचारून तर पहावं. सगळ्या ऐकणार नाहीत. दोन ऐकल्या तरी विंगमधल्या चार पोरांना पुन्हा बॅटिंग मिळेल.

आणि सुरुवात माझ्यापासून करतो. एम-थ्री मलाही लागली होती. पार्टनरची सगळ्या हॉस्टेलला माहीत आहे, माझी मी घरी आजपर्यंत सांगितलेली नाही. हा अंक दिवाळीच्या सुट्टीत घरी नेणार आहे. बाबा मराठी विभाग पहिल्यांदा वाचतात.

चढवा फळ्यावर. पुढचा बॉल टाका.

— बी.ई. मेकॅनिकल